कणकेच्या दोन गोळ्या

अमरावती, १२ नोव्हेंबर १९३४

प्रिय हरिहर यास थोरल्या भावाचा सलाम.

तू अकोल्याच्या वसतिगृहात शिकवायला लागलास ही बातमी मला उत्तमरावांनी दिली. सख्ख्या भावाचा ठावठिकाणा कचेरीतल्या कारकुनाकडून कळावा, यात काय ते समज. जाताना वहिनीचा निरोप घेतलास आणि माझा नाही. मी घरातच होतो. तू मला हाक मारशील म्हणून दाराआड उभा होतो, हेही लिहून टाकतो.

पाकिटावर लाख लावली आहे. ती फुटलेली दिसली तर कळव.

आता मुद्द्याचं. चार तारखेच्या रविवारी आपल्या मंडळीत जे झालं ते सरळ झालेलं नाही. मिशनचे साहेब विलायतेला परत चालले, म्हणून पहिल्यांदाच आपल्यातला पाळक निवडायचा होता. तुला आणि नांदगावच्या वामनरावाला सारखी मतं पडली. तेव्हा साहेबांनीच तोड काढली, की प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं तशा आपणही चिठ्ठ्या टाकू आणि निकाल प्रभूवर सोपवू. इथवर माझी तक्रार नाही. चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची, म्हणजे उचलणाऱ्याच्या बोटांना कागद लागत नाही, ही आपली जुनी रीत आहे. नाताळात पहिलं गीत कोणाच्या अंगणात गायचं हेसुद्धा आपण असंच ठरवतो.

पण कणीक मळली कोणी? माणिकबाईने, खुद्द वामनरावाच्या बायकोने. प्रभुभोजनाची भाकर नेहमी तीच करते, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला वाटलं.

चिठ्ठ्या मी लिहिल्या, गोळ्या मी वळल्या, तांब्यात मी टाकल्या. मंडळीच्या पंचांतला वडील म्हणून आणि शाळेतला मास्तर म्हणून ते काम माझंच होतं. आंधळ्या पार्बताबाईने तांब्यात हात घालून एक गोळी काढली. साहेबांना हाताने लिहिलेलं मराठी वाचता येत नाही. त्यांनी ती पहिल्या बाकावर बसलेल्या तुझ्या हातात दिली आणि तुझ्याच तोंडाने वामनरावाचं नाव वाचून घेतलं. तेव्हा माझ्याने तुझ्याकडे बघवलं नाही.

हरिहर, त्या तांब्यातून वामनरावाचं नाव निघणं शक्य नव्हतं. कसं ते विचारू नकोस. खात्री असल्याशिवाय मी बोलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझी वहिनी अनसूया म्हणते, दुसरी गोळी तेव्हाच फोडून पाहायला हवी होती. त्या गडबडीत ती कुठे गेली कोण जाणे.

तुझा दादा,
कमलाकांत


अमरावती, २१ नोव्हेंबर

प्रिय हरिहर,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दीड ओळ: 'दादा, झालं ते झालं, आता सोडून द्या.' कार्ड का पाठवलंस? वाटेत चार जणांनी वाचावं म्हणून?

मी सोडून देणार नाही. कुठे तरी पाणी मुरतं आहे आणि ते कुठे मुरतं आहे ते मी शोधून काढणार आहे.

वामनरावावर माझं लक्ष आहे. नांदगाव खंडेश्वरची मळ्याची जमीन भावाच्या हवाली करून तो बायकोसह इथे आला आहे आणि प्रार्थनामंदिरामागच्या दोन खोल्यांत राहतो. सकाळी उठून घरोघर जातो. कोणाला ताप आहे, कोणाची म्हैस व्यायली, सगळं विचारतो. आजाऱ्याचं डोकं चेपत बसतो. परवा मी त्याला मेथीच्या दोन जुड्या घेऊन साहेबांच्या बंगल्यात शिरताना पाहिलं. पाऊण तास आत होता. मेथी द्यायला पाऊण तास लागतो का? इतकं नम्र माणूस मला पचत नाही. पौलाने तिमथ्याला बजावलं होतं, की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, नाही तर तो फुगतो. वामनरावाचा बाप्तिस्मा होऊन बारा वर्षं झाली. आपल्या बाबांचा पन्नास वर्षांपूर्वी झाला.

आता त्याचा उपदेश ऐक. शलमोनाने आळशाला मुंगीकडे जाऊन शहाणं व्हायला सांगितलं आहे. हा आम्हांला थेट आपल्या वांग्यांच्या वाफ्यात घेऊन गेला. मुंग्या कुठून येतात, साखर कशी वाहतात, एक मेली तर बाकीच्या काय करतात, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मुंगीले मुकादम नसते. तरी ते काम करते. मंग मी तुमचा मुकादम कायले होऊ? मी तुमच्यातलीच एक मुंगी." बायका हसल्या, म्हातारे माना डोलवू लागले. साहेबांना निम्मं कळलं नसेल, तरी तेही डोलले. मी तेवढा सरळ बसलो.

काल पार्बताबाईकडे गेलो होतो. तिला विचारलं, गोळ्या दोन्ही सारख्या होत्या का, कोणी तिचा हात धरला का, तिला आधी काही सांगितलं होतं का. म्हातारीने सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी तर असे इचारून राहिले, जसं का निंगनार होतं ते तुमाले आंदीच ठाऊक होतं."

म्हाताऱ्या माणसांना डोळे गेले की जीभ सुटते. मी उठून आलो.

उत्तमरावांना सगळं पटलं आहे. त्यांनी तक्रारीचा कागद तयार केला आहे. त्यात माणिकबाईच्या कणकेचं आहे आणि मेथीचंही आहे. त्यावर तेवीस जणांच्या सह्या झाल्या आहेत. ९ डिसेंबरच्या उपासनेनंतर सभा भरेल. वामनरावाला पाळकपदावरून काढायचा ठराव उत्तमराव मांडतील. तू त्या दिवशी इथे असायला हवंस. पाळकाची ती जागा तुझी आहे.

दादा


अमरावती, ३० नोव्हेंबर

हरिहर,

तुझं दुसरं कार्ड. 'मी येणार नाही. त्या माणसाला त्रास देऊ नका.' पुन्हा दीड ओळ.

ते कार्ड अनसूयेनेही वाचलं. भाकरी थापता थापता तिने मला विचारलं, की दुसरी गोळी नक्की कुठे गेली. मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, घरात पहिल्यांदाच ऐकते आहे." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

म्हणून तुला लिहितो. हे पत्र वाचून जाळ.

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी तुझंच नाव लिहिलं होतं.

बघ, लिहायला एकच ओळ लागली आणि ती लिहायला मला महिना लागला. मागच्या खोलीत दार लोटून मी चिठ्ठ्या लिहायला बसलो. पहिल्या चिठ्ठीवर 'हरिहर' लिहिलं. दुसऱ्या चिठ्ठीवर वामनरावाचं लिहायचं म्हणून टाक बुडवला आणि हात आपोआप पुन्हा तेच लिहून गेला. आपोआप म्हणतो खरा, पण हात माझाच होता. बाबांनी जानवं सोडलं, कीर्तनाची गादी सोडली, सख्ख्या आईने दार लावून घेतलं तरी मागे वळले नाहीत. त्यांच्या मुलाने या मंडळीचा पाळक व्हावं आणि ते सोडून कोणा माळ्याच्या हाती मंडळी जावी, हे मला बघवत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, मत्थियाच्या वेळी चिठ्ठ्या कोणी लिहिल्या ते शास्त्रात कुठे दिलं आहे?

आणखी एक आहे. पाळक मलाच व्हायचं होतं. तीस वर्षं मी रविवारची शब्बाथशाळा चालवली. नावं सुचवायची वेळ आली तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो, की कोणी तरी उठेल आणि माझं नाव घेईल. कोणी उठलं नाही. तू उठला नाहीस. मग मी म्हटलं, मी नाही तर निदान माझा भाऊ.

दुसरी गोळी मी साहेबांच्या बंगल्यातल्या बकरीला चारली. कोणी फोडली असती तर माझं बिंग फुटलं असतं.

आता तुला कळलं, मला इतकी खात्री का होती. तांब्यात दोन्ही गोळ्या तुझ्याच नावाच्या होत्या. मग वामनराव निघाला कसा? महिनाभर मी हाच एक विचार करतो आहे. माणिकबाईने कणीक मळून परात माझ्यापुढे ठेवली आणि ती बाहेर गेली, तेव्हा चिठ्ठ्या लिहूनही झाल्या नव्हत्या. तांब्या माझ्या हातून खाली उतरला नाही. पार्बताबाईच्या मुठीत दुसरं काही असतं तर मला दिसलं असतं, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. साहेबांनी गोळी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. वामनराव तर पार शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता. एकेकावर संशय घेतला, एकेकाला सोडावं लागलं.

त्यानंतर ती गोळी एकाच माणसाच्या हातात होती. कणीक त्याने फोडली, चिठ्ठी त्याने उलगडली, नाव त्याने वाचलं. कोणी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं नाही, कारण स्वतःचं नाव असताना दुसऱ्याचं कोण वाचेल?

हरिहर, त्या कागदावर काय लिहिलं होतं?

दादा


अमरावती, ८ डिसेंबर

हरिहर,

तुझं पाकीट काल मिळालं. आत चिठ्ठी होती. माझं अक्षर मला ओळखू येतं. कणकेचा डागही अजून आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहितोस: 'दादा, तुमच्या अक्षरातलं माझं नाव परत करतो. साहेबांनी गोळी माझ्या हातात ठेवली तेव्हा तुम्ही माझ्या बाजूलाच उभे होतात, आणि तुम्ही मोठ्याने आमेन म्हणालात. मी अजून ती फोडली नव्हती.'

मी म्हणालो का रे तसं? मला आठवत नाही. अनसूयेला विचारलं. ती म्हणाली, हो, म्हणाला होतात, मला वाटलं प्रार्थनेचं राहिलं असेल.

पुढे लिहितोस, की ते ऐकून तुला शंका आली, कागद उघडला तर तुझं नाव, आणि दुसऱ्या गोळीतही तेच असणार हे तू तिथल्या तिथे ओळखलंस. तसा पाळक झाला असतास तर जन्मभर मी पहिल्या बाकावरून तुझ्याकडे बघत राहिलो असतो आणि तू व्यासपीठावरून माझ्याकडे. म्हणून दुसरं नाव वाचलंस आणि आठवड्याच्या आत गाव सोडलंस. शौलाला चिठ्ठीने राजा केलं तेव्हा तो सामानात जाऊन लपला होता. तू त्याच्यापेक्षा लांब गेलास.

मला तुझा राग आला आहे, आणि मला रागवायचा काही हक्क नाही, म्हणून जास्तच आला आहे. मी देवाच्या नावावर लबाडी केली आणि तूही केलीस. तुझी लबाडी चांगली वाटते, कारण तीत तुझं नुकसान झालं. पण तुला तरी खात्री कुठे होती? एका आमेनवरून तू भावाला चोर ठरवलंस. चोर निघालो ही गोष्ट वेगळी. संशय हा आपल्या घरातच आहे, बाबाही कुलूप लावल्यावर तीन वेळा ओढून पाहत.

उद्या सभा आहे. सह्या एकेचाळीसवर गेल्या आहेत. मी गप्प बसलो तर ठराव पास होतो, वामनराव जातो, आणि मग लोक तुझ्याकडेच येणार. आज दुपारी उत्तमराव आले होते. म्हणाले, माणिकबाईने कणकेत काही तरी केलं एवढं तुम्ही उभं राहून सांगा, बाकीचं मी बघतो. त्यांना मी चहा दिला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मी बोललो तर माझं वडीलपण जातं. शाळेतली नोकरीही मिशनचीच आहे. पंचावन्नाव्या वर्षी कुठे जाऊ? अनसूयेला हे सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माणिकबाईने आपल्या घरी तीनदा विचारायला पाठवलं, मास्तरांना माझा राग कशाचा आला म्हणून. मी काय सांगू ते तुम्ही मला सांगा."

उद्याची प्रार्थना कर.

दादा


अमरावती, १० डिसेंबर

प्रिय हरिहर,

काल मी सांगितलं.

उत्तमरावांनी कागद वाचला. कणीक, मेथी, सगळं. माणिकबाई बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "मी कनीक मळली. दुसरं काई केलं असन तर माह्या हाताले कीड लागो." तिने दोन्ही हात पुढे केले. ते मळ्यात काम केलेले हात मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी उभा राहिलो. दोन्ही चिठ्ठ्यांवर माझ्या भावाचं नाव मीच लिहिलं होतं, हे सांगितलं. बकरीचं सांगितलं. तुझ्या हातात कोणतं नाव होतं आणि तू कोणतं वाचलंस, तेही सांगितलं, कारण अर्धं सांगून मला चालण्यासारखं नव्हतं. तुला आवडणार नाही. तू परत केलेली चिठ्ठी मी साहेबांच्या मेजावर ठेवली आणि खाली बसलो. उत्तमरावांनी तक्रारीचा कागद घडी घालून खिशात टाकला. साहेबांना कोणी तरी हळू आवाजात समजावून सांगत होतं. ते ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातलाच नाही. माझं वडीलपण त्याच जागी गेलं. नोकरीचं नंतर बघू म्हणाले.

मला वाटलं होतं, आता वामनराव माझ्यावर संतापतील. किंवा त्यांच्या रीतीने मोठेपणाने क्षमा करतील, आणि ते मला जास्त झोंबेल. दोन्हीची तयारी करून मी बसलो होतो.

ते शेवटच्या रांगेतून उठून माझ्यासमोर आले. अगदी साधं विचारलं.

"मास्तर, म्हंजे देवानं माहं नाव घेतलंच नव्हतं?"

मी मेजावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी बाहीर जाऊन रडलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, माह्यासारख्या अडान्याले त्यानं नावानं बोलावलं. त्याच्या भरवशावर बैल इकले मी. लोकाच्या दारात गेलो, आजाऱ्यापाशी बसलो, तवा मनात हेच होतं, का आपन आपल्या मनानं नाई आलो, आपल्याले धाडलं हाये. आता काय म्हनून जाऊ?"

हरिहर, शब्बाथशाळेत मी तीस वर्षं मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतली. हा प्रश्न त्यांत कुठेच नव्हता. दुसऱ्याच्या मळ्यात शिरून चोरी करणारा चोरी कबूल करतो आणि मोकळा होतो. मी काय नेलं ते मला काल कळलं, आणि ते परत कसं देतात ते मला माहीत नाही.

त्यांनी मंदिराची किल्ली साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, राहा. मंडळीही म्हणाली, राहा. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते जास्त मोठ्याने म्हणाले. वामनराव म्हणाले, येत्या रविवारची उपासना चालवतो आणि नांदगावला जातो. पार्बताबाईने त्यांचा हात धरून ठेवला होता, तो त्यांनी हळूच सोडवला.

आज सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माणिकबाईने बसायला पाट दिला आणि ती आत निघून गेली. मी वामनरावांना सांगायचा प्रयत्न केला, की देव वाकड्या काठीनेही सरळ रेघ ओढतो, याकोबाच्या घरात तर सगळंच लबाडीने झालं होतं, तरी देवाने त्यालाच निवडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते खरं असन. पन तुमी सांगून राहिले म्हनून मले पटत नाई." त्यात राग नव्हता. ते मला जसं आहे तसं सांगत होते.

म्हणून हे पत्र. तू लिहिलं होतंस की तुला कोणाला निवडायचं नव्हतं, तुला फक्त माझ्या चोरीतून सुटायचं होतं. पण नाव तुझ्या तोंडून गेलं. कागदावर एक होतं आणि तू दुसरं वाचलंस, तेव्हा एका क्षणात तुझ्या मनात काही तरी आलं असेलच. तांब्यात दोनच नावं असायला हवी होती म्हणून ते वाचलंस, की हा माणूस खरोखर पाळक आहे असं तुला आधीपासून वाटत होतं? खरं काय ते मला कळवू नकोस. मला ते ऐकायचा अधिकार राहिलेला नाही, आणि मी सांगितलं तर त्यांना पटणारही नाही. त्यांना सांग. वाईट असेल तरी तेच सांग, गोड करून नको.

शनिवारच्या गाडीने बडनेऱ्याला उतर. मी स्टेशनवर येणार नाही. वामनराव येतील, मी त्यांना तसं सांगून आलो आहे.

तुझा भाऊ,
कमलाकांत